पिलाजीरावांच्या उलट्या वाटेने

होळीपौर्णिमेला डाकोरची वाट शांत असेल असं कुणी समजू नये. पुढे कुठल्याशा पदयात्री संघाचा ट्रॅक्टर, त्यावर माणसाच्या उंचीचे स्पीकर, मागे नाचणारी पोरं, आणि त्यांच्या धुळीत आमचे टाळ. आमचा मृदंग मलाच ऐकू येत नव्हता, तिथे डाकोरच्या रणछोडरायाला, म्हणजे कृष्णाला, काय ऐकू जाणार! बापूकाका वीणा छातीशी धरून ‘त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला’ म्हणत पावली टाकत होते. मला ते जमत नव्हतं. मी त्या ट्रॅक्टरचं डिझेल संपावं म्हणून नामस्मरण करत होते.

आमची दिंडी म्हणजे दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथली बडोदेकर मंडळी. घरात मराठी, बाजारात गुजराती, भांडण लागलं की दोन्ही. आषाढीला पंढरपूर गाठणं सगळ्यांना होत नाही. डाकोर साठ-पासष्ट किलोमीटरवर, रजा कमी लागते. ‘तोच तो,’ सुमनमावशी म्हणतात, ‘इथे फक्त कमरेवरचे हात सोडलेत.’

मांडवीतल्या विठ्ठलमंदिरात नारळ वाढवला, रूपाचा अभंग झाला आणि निघालो. मांडवीच्या खांबांना आता लोखंडी टेकू दिलेत, त्यांच्याकडे मान वर करून कुणी पाहत नाही. शहराचा तट कधीच गेला. लहेरीपुरा, पाणीगेट, गेंडीगेट, चांपानेर हे दरवाजे तेवढे राहिले. आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे आता दरवाजालाही सांगता येणार नाही. पण बापूकाकांना दरवाजातून गेल्याशिवाय गाव सोडल्यासारखं वाटत नाही. म्हणून बाजूला रस्ता मोकळा असताना चांपानेर दरवाजाच्या कमानीखाली आम्ही टाळ-पताकांसकट रिक्षांमध्ये अडकलो. एक रिक्षावाला हॉर्न वाजवायचा थांबला आणि ‘जय रणछोड’ म्हणाला. मग पुन्हा हॉर्न.

फतेपुरा, कारेलीबाग, समा. मंजुसरचे कारखाने रात्री ओलांडले की पहाटे, ते आता आठवत नाही. ट्रकांचे दिवे आठवतात, आणि ‘माउली, डावीकडून, डावीकडून’ हा आमच्या चोपदाराचा घोगरा आवाज. या पट्ट्यात मेट्रोचे डबे तयार होतात. दिल्लीच्या माणसांना बसायला इथून डबे जातात आणि आम्ही इथून चालत जातो, असं आमच्यातला एक कॉलेजकुमार म्हणाला. तो सारखा असंच काहीतरी म्हणत होता.

सावलीला शाळेच्या पडवीत पथारी. खिचडी-कढी खाऊन बायका पाय शेकत बसल्या आणि बापूकाका मला आणि दोन पोरांना घेऊन पिलाजीराव गायकवाडांच्या छत्रीकडे, म्हणजे समाधीकडे, निघाले. माझी इच्छा नव्हती. टाचा आधीच बोलायला लागल्या होत्या. पण बापूकाकांना नाही म्हणणं म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट चालता चालता ऐकणं. छत्री मोबाइलच्या उजेडात पाहिली, म्हणजे पाहिली असं म्हणायचं. काकांनी चप्पल काढून नमस्कार केला आणि खालीच मांडी घातली.

1732 साली पिलाजीराव गायकवाड डाकोरात मारले गेले. जोधपूरचा अभयसिंह तेव्हा गुजरातचा मोगल सुभेदार होता. त्याची माणसं बोलणी करायच्या निमित्ताने येत-जात राहिली, ओळख वाढवली. एका संध्याकाळी निरोप घेऊन सगळे उठले. त्यातला एक, काहीतरी महत्त्वाचं सांगायचं राहिलं म्हणून परत फिरला, कानाशी लागला, आणि कट्यार काळजात घातली. त्याला तिथल्या तिथे कापला. बाकीचे निसटले. मग लोकांनी धन्याचा देह उचलला, मही ओलांडली, आणि सावलीला आणून अग्नी दिला. त्या धामधुमीत बडोदंही हातचं गेलं, ते 1734 मध्ये परत घेतलं, ते थेट संस्थान विलीन होईपर्यंत गायकवाडांकडे राहिलं.

म्हणजे आम्ही सावलीहून महीकडे आणि महीपलीकडे डाकोरला निघालो होतो, आणि ते डाकोरहून मही ओलांडून इकडे आले होते. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या शाळेत बडोद्याचा इतिहास सयाजीरावांपासून सुरू व्हायचा आणि सयाजीरावांपाशी संपायचा.

‘मग आपण बदला घ्यायला चाललोय का?’ धाकट्या पोराने विचारलं.

‘डाकोरची गोटा भजी खायला चाललोय,’ काका म्हणाले. ‘ऊठ.’

दुसऱ्या दिवशीच्या दुपारचं मात्र मला सगळं आठवतं. वाटेत जागोजाग सेवा कॅम्प: छाश, लिंबूपाणी, सेव-खमणी, पाय चेपायची यंत्रं. एका कॅम्पवाल्यांनी पाण्याचा पाइप धरला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांवर, तापलेल्या डांबरावर ते भक्तिभावाने पाणी मारत होते. गार वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बुटात पाणी गेलं, मोजे भिजले, आणि पुढच्या तासाभरात दोन्ही टाचांवर आणि अंगठ्याखाली फोड टरारून आले. डाव्या पायाचा फुटला. दिंडी पुढे गेली. आमचा नियम आहे, मागे राहिलेल्याने पुढच्या झाडाखाली बसायचं, मागचा टेम्पो उचलतो. टेम्पोचा फोन लागत नव्हता. मी एका पायावर जोर देत चालले, आणि ‘जय जय राम कृष्ण हरी’ म्हणताना ‘हरी’वर प्रत्येक वेळी कळ येत होती, त्यामुळे माझा हरी जरा जोरातच निघत होता.

लिंबाच्या झाडाखाली सक्करटेटीचा, म्हणजे खरबुजांचा, ढीग होता. ढिगामागे खाटेवर एक बाई. साठीची असावी, साडीचा पदर डोक्यावरून, समोर वजनकाटा. तिने मला लांबूनच पाहिलं असणार, कारण मी पोचायच्या आत तिने खाटेवरचं गोणपाट उचलून जागा केली होती.

‘बेसो बेन. बूट काढो.’

मी काढेना. मोजा चिकटला होता. तिने वाट पाहिली नाही, लोट्यातलं पाणी मोज्यावर ओतलं, जरा भिजू दिला आणि उलटा सोलून काढला. मी ओरडले. ती आपल्या मुलावर ओरडली. तो मोबाइल बघत बसला होता. त्याला तिने आतून सुई-दोरा, दिवेल म्हणजे एरंडेल, आणि हळद आणायला पिटाळलं. सुई काडेपेटीच्या काडीवर लाल केली. न फुटलेल्या फोडांमधून काळा दोरा ओवला आणि दोन्ही बाजूंनी शेपूट ठेवून कापला, म्हणजे पाणी हळूहळू झिरपतं आणि कातडं तसंच राहतं. हे माझी आजीही करायची, पण आजीच्या हाताला थरथर होती. या बाईचा हात शिंप्याचा होता. फुटलेल्या टाचेवर दिवेलात कालवलेली हळद, वरून जुन्या साडीची पट्टी. सगळं होईपर्यंत तिने माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही, गिऱ्हाइकांकडे मात्र दर मिनिटाला.

‘मराठी छो? मराठी तो पंढरपूर जाय ने?’

म्हटलं, जातात, आम्ही इकडे येतो. तिने मान हलवली, बरं चाललंय अशा अर्थाने. मी विचारलं, तुम्ही पूनमला जाता का? ‘पूनमे तो धंधो,’ ती म्हणाली. इतकी माणसं समोरून जातात, त्या दिवशी कोण उठून जाईल? ती आडवारी जाते, एसटीने, गर्दी नसताना. ‘ठाकोरजी पण निरांते मळे.’ निवांत भेटतो. मला त्या क्षणी तिचा हेवा वाटला आणि रागही आला. आपण एवढे पाय सोलून जायचं आणि ही मंगळवारी एसटीने जाऊन त्याच्याशी निवांत बोलून येते!

एक टेटी कापून तिने माझ्या पुढ्यात ठेवली. गोड, कोमट. बूट आता चढणार नव्हते. तिने खाटेखालून नवऱ्याच्या रबरी चपला काढल्या, माझ्या पायाला दोन बोटं मोठ्या. परत कशा देऊ म्हटलं, आम्ही बसने दुसऱ्या वाटेने जातो. ‘मंदिर आगळ मूकी देजो. कोईने काम लागशे.’ मी पन्नासाची नोट काढली. तिने हात मागे घेतला.

‘पगना पैसा नहीं.’ मग वीस रुपये परत देत, ‘टेटीना त्रीस.’

मही संध्याकाळी ओलांडली. दोन्ही काठांना मातीची उंच कोतरं, मध्ये फाल्गुनातलं बारीक पाणी. पिलाजीरावांना आणलं तेव्हा पूल नव्हता, माणसं पाण्यातूनच उतरली असणार. त्याच्याही आधी, 1572 मध्ये, बंडखोर मिर्झांचा पाठलाग करत अकबर या महीच्याच काठी सरनालला थोड्याशा स्वारांनिशी लढला. सरनालजवळच गळतेश्वर. बाराव्या शतकातलं शिवालय, अंगभर कोरीव काम, आणि शिखर नाही. मागे एकदा पाहिलं होतं. तिथे पुरातत्त्व खात्याचा फलक आहे, कुणी रंग फासत नाही, टाइल बसवत नाही. दगड म्हणून मला गळतेश्वर डाकोरहून कितीतरी आवडतं. पण पाय तिकडे चालत नाहीत, आणि जिकडे चालतात तिथे दर पिढीला कुणीतरी संगमरवर, कुणीतरी स्टीलचे कठडे, कुणीतरी पंखे देऊन जातं. कठडे मला आवडत नाहीत. त्या रांगेत मी त्याच कठड्याला धरून उभी होते.

डाकोरचं आत्ताचं देऊळ 1772 चं. गोमतीकाठी, आठ घुमट आणि चोवीस कळस असलेलं ते देऊळ गोपाळ जगन्नाथ तांबवेकर नावाच्या पुण्याच्या सराफाने बांधवलं. पिलाजीराव याच गावात पडले, त्यानंतर चाळीस वर्षांनी. त्याआधी डाकोरचा म्हातारा भक्त बोडाणा द्वारकेहून देव घेऊन आला, आणि बायकोच्या नथीइतक्या सोन्याला देव तोलला गेला, ते सगळ्यांना पाठ आहे. सराफाचं नाव कुणाला पाठ नाही. आमच्या रावपुऱ्यात दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा आहे, लाकडी, भिंतीभर चित्रं, तोही आता पुरातत्त्व खात्याकडे. आडनाव ऐकलं की बापूकाका लगेच नातं जोडतात. मी त्या वाटेला जात नाही.

मला त्या आडनावाची वेगळीच गोष्ट आवडते. पुढे मनोहर गणेश तांबेकर या देवळाच्या सेवकांविरुद्ध, म्हणजे पुजाऱ्यांविरुद्ध, मुंबईच्या हायकोर्टात गेले. देवापुढे येणारं दान आपलंच, असं सेवक म्हणत. 1887 च्या निकालात कोर्टाने सांगितलं की ते देवाचं, आणि त्याचा हिशेब द्यावा लागेल. कायदा शिकणारी पोरं अजून हा खटला वाचतात. कॉलेजकुमार लॉचाच निघाला, त्याला माहीत होता, आणि एवढ्या वाटेत पहिल्यांदा तो कामाचं बोलला.

रांगेत आम्ही किती वेळ होतो देव जाणे. माझ्या चपला वाटेवरच एका ढिगात सोडल्या होत्या, पट्टी सुटत आली होती, पुढचा माणूस सारखा मागे सरकत होता. बापूकाका मात्र रंगात. पुढच्या, मागच्या, सगळ्यांना सांगत होते की हे मंदिर आमच्या माणसाने बांधलं, आणि आतलं सोन्या-चांदीने मढवलेलं आसन आमच्या गायकवाडांनी दिलं. एका पोराने सगळं नीट ऐकून घेतलं.

‘तो काका, तमारी लाइन जुदी होवी जोइए ने?’

आख्खी रांग हसली. काका सगळ्यांत जास्त हसले, मग जरा गप्प झाले, मग गजर सुरू केला. टाळ आत न्यायला परवानगी नव्हती, टाळ्यांवरच. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ आणि ‘जय रणछोड, माखणचोर’ एकाच तालात बसतात हे त्या दिवशी कळलं. गुजराती बायकांनी आमचा ठेका उचलला आणि आम्ही त्यांचा.

दर्शन झालं. काळा पाषाण, डोळे, कुणाचा तरी कोपर, आणि ‘चालो आगळ’. मागायचं ठरवलेलं काही मागितलं गेलं नाही. बाहेर आले तेव्हा मी रडत होते आणि सुमनमावशी मला, पायाचं एवढं दुखतंय का, म्हणून विचारत होत्या. हो म्हटलं.

बापूकाका तेवढ्यात देणगीच्या खिडकीशी गेले होते. एकशे एक रुपये पुढे केले आणि पावती मागितली. एवढ्याशा रकमेला पावती कशाला, असं आमच्यातल्याच कुणीतरी म्हणालं. ‘कायदा आहे,’ काका म्हणाले. ‘1887 पासून.’ कारकुनाने मान वर न करता पावती छापून दिली आणि पुढच्याला नाव विचारलं.