व्हाळातले तांबे

ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंतचा एक पूर्ण हंगाम मी कुडाळ आणि सावंतवाडी या तालुक्यांमधल्या डोंगराळ पट्ट्यात तांबे आणि सोने शोधण्याच्या कामावर होते. माझे माहेर याच जिल्ह्यातले. भूशास्त्र शिकून सहा वर्षे परराज्यांत काढल्यावर घराजवळ काम मिळाले याचा आनंद होता, पण धास्तीही होती, कारण इथे मला ओळखणारी माणसे होती आणि जे सापडेल किंवा सापडणार नाही ते त्यांच्यासमोर उभे राहून सांगावे लागणार होते. जमिनीत काय आहे हे यंत्र लावले की कळते, असा समज मला गावोगाव भेटला. प्रत्यक्षात हे काम कसे होते, ते मी जसे अनुभवले तसे लिहीत आहे.

सिंधुदुर्गात सोन्या-तांब्याचा शोध घ्यावा असे कोणाला का वाटावे, हे आधी सांगितले पाहिजे. सह्याद्रीचा माथा ज्या काळ्या बेसॉल्टचा आहे, त्याच्या खालचे कितीतरी जुने खडक जिल्ह्याच्या दक्षिण भागात उघडे पडलेले आहेत. पट्टिताश्म, शिस्ट आणि क्वार्ट्झाइट हे ते खडक असून कर्नाटकातल्या धारवाडी खडकांशी त्यांचे नाते सांगितले जाते, आणि हट्टी व कोलारचे सोने अशाच जुन्या खडकांत सापडले. रेडीचे लोहखनिज आणि कणकवलीजवळचे जानवली-वागदे येथील क्रोमाइट तर सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा शोध घेणे गैर नव्हते. अडचण अशी की इथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, खडक खोलवर कुजलेला असतो, त्यावर जांभ्याचे कवच असते आणि तांब्यासारखा धातू वरच्या थरांतून पाण्याबरोबर निघून जातो. त्यातच बेसॉल्टमध्ये मुळातच दर दहा लाख भागांत शंभर ते दोनशे भाग, म्हणजे शंभर-दोनशे पीपीएम तांबे असते. घाटावरून उतरणाऱ्या प्रत्येक ओढ्याच्या गाळात थोडे तांबे निघणारच. त्यावरून हुरळून जाण्यात अर्थ नसतो.

या कामाचे चार टप्पे ठरलेले आहेत. पहिल्या, जी-४ टप्प्यात मोठ्या क्षेत्राची चाचपणी होते, आणि आशा दिसली तरच जी-३, जी-२ करत जी-१ पर्यंत, म्हणजे साठा नेमका किती हे मोजण्यापर्यंत जायचे असते. बहुतेक ठिकाणे पहिल्या दोन टप्प्यांतच गळतात. आमचे काम जी-४चे होते आणि जमल्यास पुढचा थोडा भाग करायचा होता.

पाऊस ओसरल्यावर आम्ही व्हाळ, म्हणजे डोंगरातले ओढे, धरले. टोपोशीटवर, म्हणजे तपशीलवार भूनकाशावर, प्रत्येक लहान ओढ्याचा संगम खुणावून त्याच्या थोडे वर, पाण्याचा जोर जिथे मंदावतो अशा जागेवरचा बारीक गाळ घ्यायचा, तो उन्हात प्लास्टिकच्या कापडावर वाळवायचा, ऐंशी मेशच्या चाळणीने चाळायचा आणि क्रमांकाची चिठ्ठी घालून कापडी पिशवीत बांधायचा, असा तो दिनक्रम होता. सोन्याचे प्रमाण पीपीबीमध्ये, म्हणजे अब्जात किती भाग असे मोजले जाते. त्यामुळे नमुना घेणाऱ्याच्या बोटातल्या अंगठीचा घासलेला कणसुद्धा नमुना बिघडवू शकतो. पहिल्याच दिवशी मी मंगळसूत्र आणि बांगड्या घरी काढून ठेवल्या आणि सोबत काम करणाऱ्या चारही मुलांना अंगठ्या, साखळ्या उतरवायला लावल्या. आम्ही ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो त्या काकींना माझा मोकळा गळा पाहून दोन दिवस काही विचारवेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, तेव्हा मी पिशवीतला गाळ तळहातावर घेऊन सगळे समजावून सांगितले. त्यानंतर त्या रोज सकाळी आमच्या मुलांचे हात स्वतः तपासून बघत.

डिसेंबरअखेर ३१२ नमुने प्रयोगशाळेत गेले. त्यांच्यात आम्ही ठरावीक अंतराने तीन प्रकारचे नमुने गुपचूप मिसळले होते : ज्यात धातू नाही असे, ज्यातले प्रमाण आम्हाला आधीच माहीत आहे असे, आणि एकाच जागेचे दुबार घेतलेले. पहिल्या अहवालात कोऱ्या नमुन्यातच ३० पीपीबी सोने निघाले. दळण्याच्या भांड्यात आधीच्या कोणाचे तरी खनिज राहून गेले असणार. आम्ही आग्रह धरून ती चाळीस नमुन्यांची संपूर्ण तुकडी पुन्हा तपासून घेतली आणि तिच्यातले बहुतेक 'सोने' नाहीसे झाले. यात तीन आठवडे गेले. कोरा नमुना पाठवण्याचा खर्च वाचवा, असे सुचवणारे लोक मला आजवर अनेकदा भेटले आहेत आणि त्यांचे मी कधीही ऐकणार नाही.

तांब्याचे आकडे मात्र पक्के होते. सगळीकडे सरासरी १२० पीपीएमच्या आसपास असताना एकाच व्हाळातल्या तीन नमुन्यांत २९०, ३६५ आणि ४१० असे चढते आकडे आले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन त्या जागेवर गेले, तर दोन्ही काठांना सुपारीची दाट बाग होती आणि पंचाहत्तरीचे एक बागायतदार पाटाचे पाणी वळवत उभे होते.

"काय गो बाय, व्हाळात काय शोधतंस?"

तांबे, असे मी सांगितले.

"तांबा? ता तर मी दर वर्षाक कुडाळच्या बाजारातसून घेऊन येतंय!"

आजोबा मोरचुदाबद्दल, म्हणजे कॉपर सल्फेटबद्दल, बोलत होते. सुपारीला पावसाळ्यात कोळेरोग लागतो, फळे कुजून गळतात आणि त्यावर बोर्डो मिश्रण फवारतात, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. तरीही नकाशावरचे लाल ठिपके पाहताना ते मला आठवले नव्हते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, हे एक टक्क्याचे मिश्रण. आजोबांच्या सहाशे झाडांना एका फवारणीस पाच किलो मोरचूद लागते, हंगामात दोन फवारण्या होतात आणि हे चाळीस वर्षे चालू आहे. मोरचुदाचा चौथा हिस्सा तांबे असते. वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला : सुमारे शंभर किलो तांबे एक एकराच्या मातीत मुरलेले. आणि मिश्रणाची पिंपे धुण्याची जागा कोणती, तर ४१० पीपीएमच्या नमुन्यापासून वीस पावलांवर.

हे म्हणणे ऐकीव ठेवून चालले नसते. फवारलेले तांबे मातीतल्या कुजलेल्या पाल्याला धरून वरच्या थरातच राहते. उलट, खाली खनिज असेल तर खोल जावे तसे प्रमाण वाढते. बागेत आणि बागेबाहेर आम्ही हाताच्या गिरमिटाने दीड मीटरपर्यंत भोके घेतली आणि दर पंधरा सेंटिमीटरची माती वेगळी ठेवली. बागेत वरच्या थरात २६०, अर्ध्या मीटरवर १३० आणि मीटरखाली १०५ पीपीएम तांबे निघाले. बागेबाहेर वरपासून खालपर्यंत १००-११० होते. त्या व्हाळावर मी स्वतःच्या हाताने काट मारली.

मग बाकीच्या आकड्यांकडे आम्ही नव्याने पाहिले आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला : याच्या वरच्या बाजूला बाग आहे का? त्यातून एक जागा उरली. तिथे आकडा २४० इतकाच होता, पण ओढा वरपर्यंत रानातून येत होता. त्या ओढ्यात मला मुठीएवढा क्वार्ट्झचा दगड मिळाला. तो गंजल्यासारखा तांबूस आणि पोखरलेला होता आणि एका भेगेत नखाएवढा हिरवा डाग होता. तो मॅलाकाइट होता, म्हणजे हवा-पाण्याने बदललेले तांब्याचे खनिज. असे दगड शोधत चढावर जायचे असते. जिथे ते मिळेनासे होतात, त्याच्या आसपास त्यांचे उगमस्थान असते. आमचे दगड एका जांभ्याच्या सड्याच्या, म्हणजे सपाट पठाराच्या, कडेला संपले. तिथे गिरमिटाने घेतलेल्या मातीत खोलीबरोबर तांबे वाढत होते.

आता चर खणायचा होता आणि त्यासाठी जमीनमालकांची लेखी संमती हवी होती. कोकणातला सातबारा ज्याने पाहिला आहे, त्याला पुढचे सांगायला नको. सव्वा एकराच्या तुकड्यावर एकोणीस नावे होती. त्यांपैकी सात जण हयात नव्हते, वारसनोंदी झालेल्या नव्हत्या आणि उरलेल्यांतले निम्मे मुंबईत होते. फोनवर सगळे 'बघू' म्हणत. शेवटी शिमग्याला चाकरमानी गावी आले, तेव्हा मांडावर बसून बोलणे झाले. "सोना गावला तर आमची जमीन जातली?" हा प्रश्न एका आजींनी सर्वांदेखत विचारला. लोहखनिजाच्या खाणींवरून जिल्ह्यात काय काय झाले, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते, त्यामुळे तो प्रश्न रास्तच होता. मी सांगितले की हा शोध आहे, खाण नव्हे. पण शोधात काही निघाले तर पुढे खाणीचा विषय येऊ शकतो, हेही खरे आहे. हे दुसरे वाक्य मी गाळावे असे माझ्या सोबतच्या एकाला वाटत होते. ते गाळले असते तर सह्या कदाचित लवकर झाल्या असत्या, पण त्या गावात पुन्हा मान वर करून जाता आले नसते. गावाने दोन अटी घातल्या. देवराईत पाऊल टाकायचे नाही आणि खणण्याआधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालायचे. दोन्ही आम्ही मनापासून पाळल्या.

चाळीस मीटर लांबीच्या त्या चरात वरची काळपट माती एका बाजूला आणि खालची तांबडी माती दुसऱ्या बाजूला टाकली, म्हणजे बुजवताना ती त्याच क्रमाने घालता येते. दोन मीटरवर कुजलेला शिस्ट लागला आणि त्यात तीस सेंटिमीटर जाडीची क्वार्ट्झची शीर. तिच्यात पिवळे चमकदार कण होते. आमच्या मुलांनी आनंदाने हाका मारल्या. मी चाकूचे टोक लावले. काही कणांवर ओरखडा उठला, काहींवर नाही. ज्यांवर उठला ते चाल्कोपायराइट, तांब्याचे मुख्य खनिज. ज्यांवर नाही ते पायराइट, त्यात लोह आणि गंधक. सोने असते तर ते चाकूखाली नुसते दबले असते. तसे काही नव्हते.

एप्रिलमध्ये तीन विंधनविवरे घेतली. खडकाचा दंडगोल नळीतून वर येतो, तो पेटीत क्रमाने मांडायचा, प्रत्येक मीटरला किती हाती लागला ते मोजायचे, हिऱ्याच्या करवतीने उभा चिरायचा, अर्धा तपासणीला पाठवायचा आणि अर्धा जपून ठेवायचा. पत्र्याच्या शेडमध्ये बेचाळीस पेट्यांवर वाकून मी तीन आठवडे काढले. दुसऱ्या विवरात ५२ मीटर खोलीवर साठ सेंटिमीटरच्या तुकड्यात ०.६२ टक्के तांबे आणि टनामागे ०.०८ ग्रॅम सोने आले. पहिल्या विवरात तीच शीर जेमतेम दहा सेंटिमीटर जाडीची उरली होती आणि तिसऱ्यात ती लागलीच नाही. आपल्या देशातल्या चालू खाणींत तांबे एक टक्क्याच्या आसपास असते, पण ते कित्येक मीटर जाडीत आणि दूरवर पसरलेले असते. आमची शीर बारीक होत गेलेली होती.

अहवालात 'आशादायक' हा एक शब्द घालावा, म्हणजे पुढच्या टप्प्याचा निधी मिळेल, असे मला सुचवण्यात आले. मी तिन्ही विवरांचे आकडे, शिरेची कमी होत गेलेली जाडी आणि सुपारीच्या बागेतल्या मातीचा तक्ता जोडून 'पुढील काम करू नये' असे लिहिले. तो तक्ता जोडण्याबद्दल मी विशेष आग्रही होते, कारण उद्या दुसरे कोणी याच व्हाळातला गाळ घेईल आणि त्यालाही ४१० हा आकडा दिसेल.

मेच्या शेवटच्या आठवड्यात विवरांची तोंडे सिमेंटने बंद केली, चर बुजवून वर काळी माती पसरली आणि निरोप घ्यायला आजोबांकडे गेले. पावसाआधीच्या फवारणीची तयारी चालू होती. त्यांनी मोरचुदाचे निळे पाणी चुन्याच्या निवळीत ओतले, काठीने ढवळले आणि घासून लख्ख केलेला कोयता मिश्रणात बुडवून धरला. बाहेर काढला तेव्हा पात्यावर तांबूस थर चढलेला होता. ते खरेखुरे तांबे होते, लोखंडावर उतरलेले. "चुनो कमी पडलो," असे म्हणून त्यांनी कोयता माझ्या हातात दिला आणि आणखी निवळी आणायला गेले. मी तो तांबूस थर बोटाने पुसून पाहिला. आजोबांनी चुना घालून पुन्हा ढवळले, मी पाते घासून पुन्हा बुडवले, आणि या खेपेस ते कोरेच निघाले.