गॉलवेची जोन : शिव्हॉन मॅकेना

डेव्हिड लीन यांचा १९६५ सालचा ‘डॉक्टर झिवागो’ आपल्याकडच्या पुष्कळ रसिकांनी पाहिलेला असतो. पण पोरक्या युरीला आपल्या घरात वाढवणाऱ्या अ‍ॅना ग्रोमेकोची भूमिका कोणी केली, हे सहसा कोणाला सांगता येत नाही. त्या अभिनेत्री म्हणजे शिव्हॉन मॅकेना. केवळ चित्रपटांवरून त्यांचे मोजमाप करणे अन्यायाचे ठरेल, कारण त्या रंगभूमीच्या होत्या, आणि तीही अशा भाषेच्या रंगभूमीच्या, जिच्यावर नटाचा चरितार्थ चालण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. त्यांना जगभर कीर्ती मिळाली ती इंग्रजीतून. परंतु ज्या भूमिकेने ती मिळवून दिली, ती भूमिका त्यांनी आधी स्वतःच्या आयरिश भाषेत उभी केली होती. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचे मर्म या क्रमात आहे.

त्यांचा जन्म २४ मे १९२३ रोजी बेलफास्टमध्ये झाला. घरात आयरिश भाषा बोलली जात असे. वडील गणिताचे प्राध्यापक होते आणि गॉलवेच्या विद्यापीठात त्यांची नेमणूक झाल्यामुळे हे कुटुंब आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या शहरात येऊन स्थिरावले. शहराच्या पश्चिमेला, खाडीच्या काठाकाठाने, आयरिश ही रोजच्या व्यवहाराची भाषा असलेली गावे होती आणि शहरात ‘ताइवर्क’ हे आयरिश भाषेचे नाट्यगृह होते. नव्या स्वतंत्र आयरिश राज्याच्या आर्थिक साहाय्यावर १९२८ साली सुरू झालेल्या या नाट्यगृहाचा बहुतेक सगळा भार हौशी कलावंतांवर होता. शिव्हॉन विशीच्या आत तिथे दाखल झाल्या. अशा संस्थेत नट केवळ नट राहू शकत नाही. आयरिशमध्ये लिहिलेली नाटके पुरेशी नसल्यामुळे जगभरातली नाटके भाषांतरित करून घ्यावी लागत, आणि ते कामही अनेकदा नाटक करणाऱ्यांनाच अंगावर घ्यावे लागे. त्यांची शेक्सपिअरशी पहिली झुंजही इथेच झाली. लेडी मॅकबेथ त्यांनी आयरिश भाषेतून केली.

१९४४ साली त्या डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या राष्ट्रीय नाट्यगृहात, गेल्या. त्या काळी अ‍ॅबीचे व्यवस्थापन अर्नेस्ट ब्लाइद यांच्या हाती होते. पूर्वी अर्थमंत्री असताना ताइवर्कला अनुदान देणारे हेच गृहस्थ, आणि अ‍ॅबीतल्या नव्या नटांना आयरिश बोलता आलीच पाहिजे असा त्यांचा आग्रह. या धोरणावर पुष्कळ टीका झाली, आणि ती सगळी गैरवाजवी होती असे मला वाटत नाही; परंतु त्याच धोरणामुळे गॉलवेच्या हौशी रंगमंचावरून राष्ट्रीय रंगभूमीकडे जाणारी एक वाट खुली राहिली, हेही मान्य केले पाहिजे. अ‍ॅबीतच त्यांची डेनिस ओडे या ज्येष्ठ नटाशी भेट झाली आणि १९४६ साली दोघांनी विवाह केला.

यानंतर आली ती जोन. बर्नार्ड शॉ यांचे ‘सेंट जोन’ हे फ्रान्सच्या जोन ऑफ आर्क या वीरकन्येवरचे नाटक १९२३ सालचे. लंडनमध्ये पुढच्याच वर्षी सिबिल थॉर्नडाइक यांनी ही भूमिका गाजवली होती आणि नंतरच्या प्रत्येक अभिनेत्रीची त्यांच्याशी तुलना होत असे. मॅकेना यांनी या नाटकाचे स्वतः आयरिशमध्ये भाषांतर केले आणि १९५० साली ताइवर्कच्या रंगमंचावर त्या जोन म्हणून उभ्या राहिल्या. भाषांतर करणाऱ्याला संहितेतली एकही ओळ चुकवता येत नाही. प्रत्येक वाक्य कोणत्या श्वासात बोलले जाईल, कोणत्या शब्दावर थांबेल, याचा निर्णय त्याला करावा लागतो. नटाचेही काम हेच असते. त्यामुळे इंग्रजीत जोन करण्याची वेळ आली तेव्हा ती त्यांच्यापुरती नवी भूमिका उरलेली नव्हती. तिचा स्वर आधीच ठरलेला होता.

तो स्वर पश्चिम आयर्लंडच्या खेड्यातला होता. १९५३ साली डब्लिनमध्ये गेट थिएटरच्या प्रयोगात, १९५४ साली लंडनच्या आर्ट्स थिएटरमध्ये आणि १९५६ साली न्यू यॉर्कमध्ये त्यांनी जोन केली ती याच ग्रामीण वळणाच्या इंग्रजीतून. शॉ यांची जोन शेतकऱ्याची पोर आहे. राजपुत्राशी आणि सरदारांशीही ती आपल्या गावच्याच रीतीने बोलते. खटल्याच्या प्रवेशात जाळून मारले जाण्याच्या भयाने ती माघार घेते. पण आता जन्मभर तुरुंगात राहावे लागणार हे कळताच माफीचा कागद फाडून टाकते. घोड्यावर बसता आले नाही तरी चालेल, पण झाडांतला वारा, उन्हातले चंडोल, गोठवणाऱ्या थंडीत ओरडणारी कोकरे आणि घंटांचा नाद यांच्यावाचून मी जगू शकत नाही, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. शहरी, घोटीव उच्चारांत ही यादी सहज काव्यपाठ होऊन बसते. रानात वाढलेल्या मुलीच्या तोंडी ती गमावलेल्या गोष्टींची साधी मोजणी ठरते आणि म्हणूनच असह्य होते. मॅकेना यांची जोन संत वाटण्याआधी खेड्यातली मुलगी वाटते, आणि मला ही निवड शॉ यांच्या संहितेशी सर्वात प्रामाणिक वाटते. अमेरिकेत या भूमिकेची एवढी वाहवा झाली की ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्यांना मुखपृष्ठावर स्थान दिले. त्याच्या आदल्या हंगामात ‘द चॉक गार्डन’ या नाटकासाठी त्यांना टोनी पुरस्काराचे नामांकनही मिळाले होते. १९५७ साली तर त्यांनी न्यू यॉर्कमध्ये हॅम्लेटची भूमिका केली.

चित्रपटसृष्टीला मात्र त्यांचे काय करावे हे उमगले नाही. निकोलस रे यांच्या ‘किंग ऑफ किंग्ज’मध्ये (१९६१) त्या येशूची माता मेरी झाल्या, ती भूमिका शांत आणि भारदस्त आहे, पण तिला बोलायला फारसे काही नाही. अधिक मोलाचा आहे तो १९६२ सालचा ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’. जे. एम. सिंग यांच्या या नाटकातली पेगीन माइक ही त्यांची रंगमंचावरची आवडती भूमिका होती, आणि चित्रपट झाला तेव्हा त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. तरुण पेगीनला हे वय शोभत नाही हा आक्षेप डोळ्यांपुरता खरा आहे. कान देऊन पाहिले तर गोष्ट वेगळी दिसते. सिंग यांनी गॉलवेजवळच्या, आयरिश बोलणाऱ्या अ‍ॅरन बेटांवर राहून तिथल्या लोकांचे बोलणे ऐकले आणि शब्द इंग्रजी पण वाक्याची घडण आयरिश, अशी नाट्यभाषा तयार केली. मूळ भाषा ज्याच्या कानात नाही त्या नटाच्या तोंडी हे संवाद कृत्रिम हेल काढल्यासारखे होतात. मॅकेना यांच्या तोंडी ते घरातल्या बोलण्यासारखे येतात, आणि एवढ्यासाठी तरी हा चित्रपट नाटकाच्या प्रत्येक अभ्यासकाने पाहावा.

१९७० पासून त्यांनी ‘हिअर आर लेडीज’ हा एकपात्री प्रयोग केला. त्यात येट्स, शॉ, सिंग, ओकेसी, जॉइस आणि बेकेट यांच्या स्त्रिया एकामागून एक येत, आणि जॉइस यांच्या ‘युलिसिस’ कादंबरीतल्या मॉली ब्लूमचे स्वगतही असे. १९७५ साली त्यांची आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार मंडळावर नियुक्ती झाली. कलावंताला असा मान क्वचित मिळतो.

त्यांची शेवटची मोठी भूमिका पुन्हा गॉलवेतच झाली. १९७५ साली तिथे स्थापन झालेल्या ड्रुइड या नाट्यसंस्थेने डिसेंबर १९८५ मध्ये टॉम मर्फी यांचे ‘बालेगंगारा’ हे नवे नाटक रंगमंचावर आणले. दिग्दर्शन गॅरी हाइन्स यांचे होते. अंथरुणाला खिळलेली, भ्रमिष्ट झालेली म्हातारी मोमो रोज रात्री एकच गोष्ट सांगायला घेते. एका गावातल्या हसण्याच्या पैजेची ती गोष्ट असते, आणि रोज शेवटाच्या आधीच थांबते, कारण तो शेवट तिच्या स्वतःच्या घरातल्या दुःखाशी जोडलेला आहे. आयरिश शब्द मधूनमधून पेरलेले हे लांबच लांब कथन पलंगावर बसून, केवळ आवाजाच्या बळावर पेलायचे होते. ताइवर्कपासून हाकेच्या अंतरावरच्या छोट्या नाट्यगृहात मॅकेना यांनी ते पेलले, आणि पुढे हा प्रयोग लंडनलाही गेला. नोव्हेंबर १९८६ मध्ये डब्लिनला त्यांचे निधन झाले. दफन गॉलवेच्या राहून दफनभूमीत झाले. त्या पहिल्या प्रयोगात मोमोच्या नातीची, मेरीची भूमिका करणाऱ्या मेरी मलेन यांनी २०१४ साली ड्रुइडच्याच नव्या प्रयोगात मोमो साकारली.