स्टेपर मोटर बसवताना माझे अकरा दिवस कुठे गेले

आधीच सांगते, तुमची नवी स्टेपर मोटर (मोजून टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर) नुसती थरथरत असेल आणि फिरत नसेल तर लगेच दुकानात परत नेऊ नका, आधी वायर तपासा. मी नेली आणि अकरा दिवस गेले, अजून आठवलं की जीव जळतो.

चिंचवडला आमचं घरगुती काम आहे, वायरिंग हार्नेसचं, म्हणजे वायरींच्या तयार जुड्या बांधायचं. मी, जाऊबाई आणि कामाला दोन मुली. त्यात पीव्हीसी स्लीव्हचे, म्हणजे वायरीवर चढवायच्या प्लास्टिकच्या नळीचे, तुकडे लागतात, 80 मिलिमीटरचा एक, असे दिवसाला हजारभर. टेबलावर खूण करून कात्रीने कापायचो, संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागायचा. म्हणून मशीन करायचं ठरवलं, रोलरने स्लीव्ह पुढे ढकलायची आणि ब्लेडने कापायची. फ्रेम आणि ब्लेड फॅब्रिकेटरने आठवड्यात करून दिलं.

पहिल्यांदा गिअरवाली डीसी मोटर लावली, 12 व्होल्टची, टायमरवर. एक तुकडा 78 चा, दुसरा 83 चा. डीसी मोटरला व्होल्टेज दिलं की ती फिरते, पण किती जोरात ते भारावर ठरतं. रीळ भरलेलं असलं की ओढ जास्त, मोटर हळू, रीळ संपत आलं की जोरात, आणि करंट तोडला तरी थोडी पुढे जातेच. आतले कार्बन ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर कॉइलमधला करंट आपोआप बदलत राहतात, त्यामुळे ती आपल्या तालात फिरते, किती फिरली हे कुणालाच माहीत नसतं. पाण्याच्या पंपाची इंडक्शन मोटर असते तिला ब्रश नसतात पण जागेचा हिशोब तिच्याकडेही नसतो. सर्वो मोटरला असतो, तिला एन्कोडर असतो, तो सतत सांगत राहतो की आपण कुठे आहोत, पण तिची किंमत आमच्या कामाला परवडणारी नव्हती.

मग डिप्लोमाला असलेला पुतण्या म्हणाला, काकू, स्टेपर लावा. त्याने एक जुनी मोटर उघडूनच दाखवली. मधे चुंबक, त्याच्या दोन टोकांना दातेरी टोप्या, प्रत्येकीला 50 दाते, आणि एक टोपी दुसरीपेक्षा अर्धा दाता सरकवून बसवलेली. बाहेरच्या बाजूला कॉइलचे दोन संच, ए आणि बी. ए ला करंट दिला की रोटरचे, म्हणजे मधल्या फिरणाऱ्या भागाचे, दाते ओढले जाऊन थांबतात, मग बी ला, मग ए ला उलटा, मग बी ला उलटा, असे चार टप्पे झाले की रोटर बरोबर एक दाता सरकतो. 50 गुणिले 4 म्हणजे 200 टप्प्यांत एक फेरा, एका टप्प्याला 1.8 अंश. म्हणजे जेवढे पल्स (विजेचे ठोके) मोजून दिले तेवढीच फिरणार, आणि थांबली की करंट चालू असेपर्यंत तिथेच घट्ट धरून बसणार. माझा रोलर 30 मिलिमीटर व्यासाचा, घेर 94.25, ड्रायव्हर (पल्स घेऊन कॉइलना करंट देणारा छोटा बोर्ड) एक अष्टमांश टप्प्यावर ठेवला, म्हणजे एका टप्प्याचे आठ भाग केले, की एका फेऱ्याला 1600 पल्स, मग 80 मिलिमीटरला 1358. हे गणित मी स्वतः वहीत मांडलं आणि उत्तर आलं तेव्हा फार बरं वाटलं. ते ए आणि बी तेवढं लक्षात ठेवा, पुढची सगळी गोची तिथेच आहे.

पुण्यातल्या तापकीर गल्लीतून सगळं सामान आणलं, नेमा 17 मोटर, ए4988 ड्रायव्हर, पल्स पाठवायला अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), 12 व्होल्टचा सप्लाय. (नेमा 17 म्हणजे फक्त तोंडाचं माप, 42 मिलिमीटर चौरस, त्यावरून ताकद कळत नाही, तेवढं विचारून घ्या.) आमचं टेबल लांब, म्हणून मोटरची वायरही वेगळी घेतली, एक मीटरची. दुकानदार म्हणाला ताई, सगळ्यांना हीच बसते. प्लग बसलाही नीट, टक् करून.

सप्लाय चालू केला आणि मोटर गुर्रर्र करायला लागली. शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या दांड्यावर, कागदाचा झेंडा चिकटवला होता, तो जागच्या जागी थरथरत होता, मधूनच एक झटका पुढे, एक मागे. प्रोग्राम बदलला, स्पीड कमी केला, सप्लाय बदलला, काही फरक नाही. त्यात एक चूक केली, करंट चालू असतानाच मोटरची वायर उपटली आणि ड्रायव्हर गेला. असं कधीही करू नका, आधी सप्लाय बंद. दुसरा ड्रायव्हर आणला, तीच थरथर. म्हटलं आता मोटरच खराब.

मेट्रोने दुकानात गेले. तो म्हणाला मोटर ठेवून जा, टेस्टिंग करावी लागेल. मी पिशवीतून वायर पण काढत होते तर म्हणाला वायर नको, आमच्याकडे आहे. हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. दोन दिवसांनी फोन केला तर टेस्टिंगवाला सुट्टीवर. परत फोन, तर उद्या. परत, तर सोमवारी. इकडे ऑर्डरची तारीख जवळ आलेली आणि आम्ही चौघी परत कात्री घेऊन बसलेलो, जाऊबाई तोंडाने काही बोलल्या नाहीत पण मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. अकराव्या दिवशी बोलावलं आणि काउंटरवरच मोटर चालवून दाखवली. लोण्यासारखी फिरत होती! म्हणाला ताई, मोटर ओके आहे, तुमचा प्रोग्राम चुकतोय. मी बावचळून मोटर घेऊन आले, घरी लावली, परत तीच गुर्रर्र.

त्या रात्री जेवणं झाल्यावर डोक्यात आलं की तिकडे फिरते आणि इकडे नाही, मग दोन्हीकडे वेगळं काय आहे? वायर. तिकडे त्याची, इकडे माझी. वायरची ड्रायव्हरकडची टोकं सोडवली, काळी, हिरवी, लाल, निळी. आकृतीप्रमाणे काळी-हिरवी म्हणजे एक कॉइल, लाल-निळी दुसरी. काळी आणि हिरवी एकमेकींना पिळली आणि शाफ्ट बोटांनी फिरवला, सहज फिरला. मग काळी आणि लाल पिळली आणि शाफ्ट एकदम जड झाला, बोटाला गचके द्यायला लागला. एकाच कॉइलची दोन टोकं जोडली की फिरवताना तिच्यात वीज तयार होऊन तीच शाफ्टला अडवते, म्हणून जड लागतो. मग मल्टिमीटरने खात्री केली, काळी-लालमध्ये अडीच ओहमच्या आसपास, काळी-हिरवीमध्ये काहीच नाही. म्हणजे माझ्या वायरीत मधल्या दोन तारांची अदलाबदल होती. मोटरच्या सॉकेटमधल्या पिनांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो, वायर दुसऱ्या क्रमाची आली की प्लग बसतो पण दोन्ही कॉइलचं एकेक टोक ड्रायव्हरच्या एका जोडीवर येतं, मग चुंबकाचं चक्र पुढे सरकतच नाही आणि रोटर बिचारा जागेवर झटके खातो. हिरवी आणि लालची जागा बदलली, सप्लाय लावला आणि झेंडा गोल फिरला. रात्री सव्वाबारा वाजले होते, मी जाऊबाईंना उठवून दाखवला.

पाच मिनिटांचं काम होतं. टेस्टिंग करणाऱ्याने माझी वायर लावून बघितली असती तर त्यालाही पहिल्याच दिवशी कळलं असतं, याचाच राग आहे.

रंगावर जाऊ नका, शाफ्ट फिरवून जोड्या शोधा. जोडी बरोबर असून मोटर उलटी फिरली तर घाबरू नका, एकाच कॉइलच्या दोन तारा आपसात बदलायच्या, सप्लाय बंद करून. ड्रायव्हरवरचा छोटा प्रीसेट (स्क्रूसारखा) फिरवून करंट ठरवावा लागतो, ए4988 ला व्हीरेफ (प्रीसेटने ठरवायचं व्होल्टेज) म्हणजे करंट गुणिले 8 गुणिले बोर्डावरच्या, करंट मोजणाऱ्या सेन्स रेझिस्टरची किंमत, माझ्या बोर्डवर आर100 लिहिलंय म्हणजे 0.1 ओहम, 1 अँपिअरला 0.8 व्होल्ट. तुमच्यावर आर050 किंवा आर068 असेल तर आकडा वेगळा, आमचा उचलू नका. मोटर हाताला गरम लागते, थांबलेली असतानाही, कारण जागा धरून ठेवायला करंट चालूच असतो, डीसी मोटरची सवय असेल तर भीती वाटते पण ते तिचं रोजचं आहे. हां, आणि सप्लायच्या टोकांवर 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ड्रायव्हरला चिकटूनच लावा, तो मी पहिल्या ड्रायव्हरला लावलाच नव्हता.

एकदम फुल स्पीड देऊ नका, हळूहळू वाढवा, नाहीतर टप्पे चुकतात, आणि स्पीड जसा वाढेल तशी तिची ताकद कमी होते. टप्पा चुकला तर ती सांगत नाही, सर्वोसारखं मागे वळून बघणारं तिच्यात काही नसतं. आमचे पहिल्या दिवशी तुकडे 79 चे आले, मला वाटलं टप्पे चुकतायत, पण मोटर बरोबर होती, स्लीव्हच गुळगुळीत रोलरवर घसरत होती. रोलरला रबर चढवल्यावर 1358 पल्सचा हिशोब बदलला, कारण व्यास वाढला, परत मोजून 1290 आला. आता शंभर तुकडे स्टीलच्या पट्टीवर लावून बघितले तरी अर्ध्या मिलिमीटरच्या आत आहेत.

पुढच्या आठवड्यात वायर घेऊन त्याच दुकानात गेले, मल्टिमीटर सोबत. काउंटरवर माझ्याच मोटरवर त्याला जोड्या मोजून दाखवल्या, त्याने मुकाट वायर बदलून दिली. नवी वायर तिथेच मोजली, ती पण तशीच निघाली. त्याच्या खालची पण तशीच. चौथी बरोबर होती, ती घेऊन आले.