फुलाबजाम आणि पर्जन्य

जूनचा दुसरा आठवडा. धरमपेठेतल्या आमच्या गॅलरीतून अंबाझरीकडचं आभाळ काळंठिक्कर दिसत होतं. एक कडाका झाला अन् लाइट गेली. हातातल्या पेपरातला शेवटचा वाचलेला शब्द तेवढा डोक्यात राहिला : पर्जन्यमान. बोलताना आपण पाऊसच म्हणतो. पर्जन्य उरला तो हवामान खात्यापुरता.

मूळचा तो देव. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडळातल्या 83व्या सूक्तात हा गृहस्थ गर्जत येतो, झाडं मोडतो, राक्षस मारतो. लिथुआनियातला गडगडाटाचा देव पेर्कूनास हा त्याचा भाऊबंद समजला जातो, आणि त्याचं झाड ओक. लॅटिनमध्ये ओक म्हणजे क्वेर्कुस, आणि हा शब्दही पेर्कूनासच्याच कुळातला म्हणतात. 'प' कुठे अन् 'क्व' कुठे! पण आपला पाच घ्या. संस्कृतात पञ्च, लिथुआनियात पेंकी, लॅटिनमध्ये क्वींक्वे. पुढे 'क्व' येतोय म्हटलं की लॅटिन आधीच्या 'प'लाही त्याच्याच रंगात रंगवते. इथवर हिशेब चोख.

पुढे मात्र गडबड. स्लाव लोकांचा गडगडाटाचा देव पेरून, म्हणजे मधला 'क' गायब. (आपल्याकडे पेरून झालं की शेतकरी आभाळाकडे बघतो, त्यांचा पेरून आभाळातच!) आणि आपल्या पर्जन्यात 'क' किंवा 'च' हवा तिथे 'ज' बसलाय. काही अभ्यासक म्हणतात, हे शब्द मुळातच वेगळे, पेरून आला तो 'मारणे' या अर्थाच्या धातूवरून. काहींच्या मते, ज्याचा धाक त्याचं नाव सरळ घेत नसत, मुद्दाम वाकडं करत.

मला दुसरं पटतं. पुरावा घरचा आहे.

माझ्या आजोबांचं नाव गुलाबराव. आजी जन्मभर गुलाबाला 'ते लाल फूल' म्हणाली, अन् गुलाबजामला फुलाबजाम. 'ग'चा 'फ' करणारा नियम मराठीत कुठेच नाही. लग्नाच्या पंगतीत ती वाढणाऱ्याला म्हणायची, "दे ना बाप्पा एक फुलाबजाम," आणि ते पोरगं बावचळून पुढच्या पानाकडे सरकायचं.

आजोबांच्या तेरवीला मला वाटलं, आता कशाला आडकाठी. पाहुणे जेवून उठले, तशी ती भिंतीला टेकून हळूच विचारत होती, "काऊन रे, फुलाबजाम पुरले ना सगळ्याइले?"