कडू नारिंगं

३० जानेवारी, सेविया, स्पेन

आज सकाळीच गल्लीत नारिंगं उतरवायला माणसं आली. शिड्या लावल्या, फांद्या हलवल्या आणि फरसबंदीवर धपाधप फळं पडू लागली. कामं टाकून मी बराच वेळ गॅलरीत उभी होते.

या शहराच्या रस्त्यांवर ४०,०००हून जास्त नारिंगाची झाडं आहेत. आले त्या आठवड्यात एक फळ उचलून सोललं होतं. असं कडूजहर की घसा आवळला. ही झाडं खाण्यासाठी लावलेलीच नाहीत. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा सावली हवी म्हणून, आणि मार्चमधल्या फुलांसाठी. फळांचं इंग्रज लोक मार्मलेड करतात. २०२१च्या सुमारास इथल्या पाणीपुरवठा संस्थेने रस्त्यावरची फळं आंबवून त्या वायूवर वीज करून पाहिली, ते मला फार आवडलं.

दुपारी कॅथेड्रलच्या नारिंगांच्या अंगणात गेले. बाराव्या शतकात हे मशिदीचं अंगण होतं. झाडं ओळीत, प्रत्येकाला गोल आळं, आणि एका आळ्यातून दुसऱ्यात जाणारा विटांचा पाट. मी तिथेच थबकले. आमच्या पोफळीच्या बागेत आजोबा पायाने माती सारून पाणी असंच पुढच्या आळ्यात सोडायचे! कुणी दिसत नाहीसं बघून मी त्या कोरड्या पाटातून बोट फिरवलं.

फळाचं नावही घरचंच. स्पॅनिश 'नारान्खा' आलं अरबी 'नारंज'वरून, ते फारसी 'नारंग'वरून, आणि त्याच्यामागे आपलं संस्कृत 'नारंग'. झाड अरबांनी इथे आणलं. गोड संत्रं पुढे काही शतकांनी पोचलं. म्हणजे नावाचा पहिला मान या कडूचा. आईला फोनवर हे सांगताना माझा आवाज उगाच कापरा झाला. तिने विचारलं, "पान कसं आहे गं?" देठाला छोटं जोडपान आहे म्हटल्यावर लगेच म्हणाली, "मग ईडलिंबासारखं लोणचं घाल की!"

रस्त्यावरची फळं गाड्यांचा धूर खातात, ती घ्यायची नाहीत, असं शेजारच्या आजींनी बजावलं होतं. संध्याकाळी त्यांनीच आपल्या अंगणातली पिशवीभर दिली. साली वाफवून गुळात मुरवायच्या. तिखट पुण्याहून आणलेलं आहे. मोहरीची डाळ तेवढी नाही. उद्या मोहरी भरडून पाखडावी लागेल.