दिसतंय का?

आमच्या फॅमिली ग्रुपवर दादानं (म्हणजे चुलतभाऊ, रिटायर झाल्यापासून त्याला रोज सकाळी काहीतरी उद्योग लागतो) ऐंशीच्या दशकावर क्विझ सुरू केलं. रोज एक प्रश्न. राकेश शर्मा कुठल्या यानातून गेला, एशियाडच्या हत्तीचं नाव काय, सुनील गावसकरच्या दहा हजार रन कुठल्या गावात झाल्या. सोयूझ टी-११, अप्पू, अहमदाबाद. सगळे पटापट उत्तरं द्यायचे, गूगल करून दिली तरी "छे, तोंडपाठ आहे" म्हणायचे, छान चाललं होतं. मग एक दिवस त्यानं टाकलं, कपिल देवच्या १७५ ची मॅच कोणाकोणाला आठवते? आणि मोठ्या काकांचा व्हॉइस मेसेज आला, चार मिनिटांचा.

मोठे काका आता ब्याऐंशीचे आहेत. आवाज अजून खणखणीत. त्यांनी सांगितलं की ती मॅच त्यांनी वाड्यातल्या आपल्या टीव्हीवर पाहिली, रात्रीचे साडेनऊ झाले होते, काकू ताट वाढून "अहो जेवा की" म्हणत होती आणि ते ताटावर हात सुकवत बसले होते, आणि कपिल असा काही मारत होता की काय सांगू. बाहेर पाऊस भुरभुरत होता. शेजारचे लोक दारात उभे होते. सगळं कसं स्वच्छ, समोर घडल्यासारखं.

आता पंचाईत अशी आहे की ती मॅच टीव्हीवर कोणीच पाहिलेली नाही. १८ जून १९८३, इंग्लंडमधलं टनब्रिज वेल्स, समोर झिम्बाब्वे. आपले १७ वर ५ आउट, गावसकर आणि श्रीकांत दोघेही भोपळ्यावर, आणि तिथून कपिलनं १३८ बॉलमध्ये नाबाद १७५ काढल्या, किरमाणीबरोबर नवव्या विकेटला १२६ ची न तुटलेली पार्टनरशिप. तेव्हाचा वनडेतला वर्ल्ड रेकॉर्ड. आणि ह्या सगळ्याचा एक फुटाचासुद्धा व्हिडिओ जगात नाही. बीबीसीचा संप होता म्हणतात. काही लोक म्हणतात संपबिंप काही नाही, त्याच दिवशी लॉर्ड्सवर वेस्ट इंडिज-ऑस्ट्रेलिया होती, कॅमेरे असल्या मॅचेसना गेले, झिम्बाब्वेची मॅच बघायला कोण येतंय. कारण काहीही असो, मैदानात जे होते त्यांनी पाहिलं, बाकी सगळ्यांनी पेपरात वाचलं.

मी हे ग्रुपवर लिहिणार होते. टाइप पण केलं होतं. मग पुसलं. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला ग्रुपवर खोटं पाडायचं म्हणजे काय, आणि शिवाय ते खोटं बोलतच नव्हते ना.

पण माझ्या डोक्यातून जाईना. रात्रीचे साडेनऊ ही गोष्ट खटकत होती. इंग्लंडमध्ये मॅच सुरू व्हायची तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन-बिडतीन वाजायचे, त्या दिवशी आपली पहिली बॅटिंग, साठ ओव्हर्स धरल्या तरी रात्री आठ-साडेआठपर्यंत कपिल पॅड सोडून मोकळा झालेला असणार. साडेनऊला तो बॅटिंग करत असणं शक्यच नाही. मग साडेनऊच्या सुमाराला, पावसात, हातात घास धरून काकांनी कपिलला पाहिलं ते कधी? तर बरोब्बर एका आठवड्यानं. तोही शनिवारच. २५ जूनची फायनल, आपल्या १८३, आणि रिचर्ड्स धडाधड मारत सुटलेला, तेव्हा मदनलालच्या बॉलवर कपिल मागे मागे पळत गेला आणि कॅच घेतला. ती मॅच दूरदर्शनवर होती, ती वाड्यातल्या सगळ्यांनी पाहिली, मीही पाहिली, नऊ वर्षांची होते. काकांनी दोन शनिवार एकमेकांत कालवले होते, आणि वर २०२१ च्या त्या सिनेमात रणवीर सिंगनं १७५ काढल्या त्याचा रंग चढला. सिनेमा बघून येताना काका म्हणाले होतेच, "अगदी अस्साच मारला होता."

हा शोध लावून मी स्वतःवर भयंकर खूश झाले. आणि मग नादच लागला की आपलं बाकीचं तरी काय काय खरं आहे ते बघू.

पहिली शिकार दादा. त्याला एशियाड रंगीत आठवतं. १९८२ ला देशात रंगीत टीव्ही आला, नोव्हेंबरमध्ये दिल्लीत एशियाड, ते सगळं बरोबर, पण आमच्याकडे कुठला आलाय रंगीत! आमचा म्हणजे मोठ्या काकांचा, ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी खोक्यात, पुढे सरकतं शटर आणि त्याला कुलूप, किल्ली काकांच्या जानव्याला. फक्त त्यावर काकूनं एक प्लॅस्टिकची काच लावली होती, तेव्हा मिळायची दुकानात, वर निळी, मधे तांबूस-पिवळी, खाली हिरवी. आभाळ आणि गवत असलं की कमाल दिसायचं. पण बातम्या लागल्या की बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं, नाक पिवळं आणि पदर हिरवा, मग साडी कुठलीही असो. अप्पूचं पण डोकं निळं आणि पाय हिरवे. दादाला विचारलं अप्पू कसा होता रे, तर म्हणाला, "निळसर होता ना?" केस क्लोज्ड.

रामायण. जानेवारी १९८७, रविवारी सकाळी साडेनऊ. ग्रुपवर सगळ्यांनी एकमुखानं लिहिलं की रस्ते ओस पडायचे, चिटपाखरू दिसायचं नाही. मला एवढंच विचारायचंय की सगळे जर घरात टीव्हीसमोर होते तर रस्ते कोणी पाहिले? (आत्याचं उत्तर आलं, "तुझे काका दूध आणायला जायचे." असो.)

मग हॅलेचा धूमकेतू. हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय, कारण मी तो पाहिलाय असं मी गेली चाळीस वर्षं सांगत आलेय. १९८६, बहुतेक मार्च किंवा एप्रिल, पहाटे चारला आईनं उठवलं, सगळा वाडा शाली-मफलर गुंडाळून गच्चीवर, कोणीतरी दुर्बीण आणलेली, ती नंतर कळलं की नाटकाला न्यायची होती. सगळे दक्षिणेकडे माना वळवून. मग कोणीतरी ओरडलं, "दिसला दिसला!" आणि मग सगळ्यांनाच दिसला. मलाही दिसला. कसा होता? पुसट. खडूचं बोट पाटीवर घासलं की राहतो तसा डाग. आता वाचते तर ती हॅलेची दोन हजार वर्षांतली सगळ्यात वाईट खेप होती म्हणे, ९ फेब्रुवारीला तो सूर्याच्या अगदी जवळ होता, म्हणजे चांगला शेपटी पिसारून, आणि आपली पृथ्वी तेव्हा नेमकी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला. युरोपवाल्यांचं जिओत्तो नावाचं यान मार्चमध्ये त्याच्यापासून सहाशे किलोमीटरवरून गेलं, बाकी तुमच्याआमच्यासारख्यांना शहरातून डागच. तोही धूमकेतूचा होता का ढगाचा, देवाला माहीत. २०६१ ला परत येतोय, तेव्हा मी ८७ ची असेन, बघू.

पण गच्चीवरचा खरा सीन आजीचा होता. आजी ऐंशीच्या पुढची, तिला खुर्चीत बसवून वर आणलं होतं, तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "हा नव्हे. मी लहानपणी पाहिला तो एवढाऽऽ होता, संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी, लख्ख." तिचा म्हणजे १९१० चा. आम्हाला केवढा अभिमान, आमच्या आजीनं हॅले दोनदा पाहिला, मी शाळेत सुद्धा सांगितलं आणि बाईंनी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या. आता हे क्विझ प्रकरण डोक्यात शिरल्यावर वाचत बसले तर निघालं काय, की १९१० च्या जानेवारीत हॅलेच्या आधी दुसराच एक धूमकेतू येऊन गेला होता, शुक्रापेक्षा तेजस्वी, भर दिवसासुद्धा दिसेल असा, आणि जगभरचे म्हातारे लोक पुढं आयुष्यभर "आम्ही हॅले पाहिला" म्हणून त्याच्याच गोष्टी सांगत राहिले. संध्याकाळी, लख्ख. म्हणजे आजीनंही दुसराच पाहिला असण्याची दाट शक्यता. आमच्या घराण्यातच आहे हे.

एवढं झाल्यावर मी थांबायला हवं होतं. पण मग माझी स्वतःची सगळ्यात पक्की आठवण तपासायला घेतली. इंदिरा गांधी. आम्ही वर्गात होतो, गणिताचा तास, शिपाई येऊन सरांच्या कानात काहीतरी बोलला, सरांचा चेहरा उतरला, मग घंटा झाली, लांबलचक, मधल्या सुट्टीची नसते तशी. सगळ्यांना घरी सोडलं. दप्तर घेऊन लक्ष्मी रोडनं चालत आले तर दुकानांची शटर्स धडाधड खाली येत होती. ही गोष्ट मी माझ्या मुलांना सांगितलीय, ऑफिसात सांगितलीय, एकदा ३१ ऑक्टोबरला लिहून पण टाकलीय आणि लोकांनी हात जोडलेले इमोजी दिलेत.

तर त्या वर्षी लक्ष्मीपूजन होतं २४ ऑक्टोबरच्या आसपास. ३१ ला आमच्या शाळेला दिवाळीची सुट्टी.

मी कॅलेंडर तीनदा बघितलं. बुधवार, ३१ ऑक्टोबर १९८४, भाऊबीज होऊन पाच-सहा दिवस झालेले. शाळेला टाळं. सकाळी सव्वानऊनंतर दिल्लीत गोळ्या झाडल्या, बीबीसीनं लवकर सांगितलं, पण आकाशवाणीनं अधिकृत सांगेपर्यंत संध्याकाळ झाली होती, तोपर्यंत नुसत्या कुजबुजी. म्हणजे मी त्या दिवशी बहुतेक वाड्यात उरलेल्या चकल्या खात असणार आणि दुपारी कोणीतरी रेडिओ लावला असणार. मग ती घंटा कसली? तो शिपाई? खूप विचार केला. पंचवीस नोव्हेंबरला, रविवारी, यशवंतराव चव्हाण गेले. तेव्हा सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या होत्या. सोमवारी आम्हाला सोडून दिलं असणार. हा आपला माझा अंदाज, खात्री नाहीच, आता खात्री हा शब्द वापरायचीच भीती वाटते. पण दहा वर्षांच्या डोक्यानं महिन्याभरातले दोन मृत्यू घेतले, एकाची घंटा दुसऱ्याला लावली आणि मोठं नाव ठेवून दिलं.

आणि जे खरंच घडलं, रेकॉर्डवर आहे, ते कोणाला आठवत नाही त्याचं काय! मियाँदादचा शेवटच्या बॉलवरचा सिक्स, एप्रिल ८६, शारजा, चेतन शर्मा, हे ग्रुपवर सगळ्यांना पाठ. प्रत्येकजण तेव्हा कुठं बसला होता ते सांगतो. पण त्याच चेतन शर्मानं पुढच्याच वर्षी, ८७ च्या वर्ल्ड कपमध्ये, न्यूझीलंडविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली, तिघंही बोल्ड, वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली हॅट्ट्रिक, आणि तीही आपल्या नागपुरात. त्याच मॅचमध्ये ताप अंगात असताना गावसकरनं ८८ बॉलमध्ये नाबाद १०३ मारल्या, त्याची वनडेतली एकुलती एक सेंच्युरी. तारीख होती ३१ ऑक्टोबर. दादानं हा प्रश्न टाकला तर एकानंही बरोबर उत्तर दिलं नाही. नागपूरची वहिनीसुद्धा म्हणाली, "अय्या, आमच्याकडे?"

शेवटी परवा काकांना फोन केला, तब्येतीची चौकशी वगैरे, आणि हळूच काढलं. म्हटलं, काका, ते १७५ चं तुम्ही सांगितलंत ना, त्याचं रेकॉर्डिंगच नाहीये म्हणे. कोणीच दाखवली नव्हती ती मॅच.

"रेकॉर्डिंग नसणारच," काका म्हणाले. "म्हणून तर सांगतोय तुम्हाला, नाहीतर कोण सांगणार."

"अहो पण टीव्हीवर नव्हतीच ती. तुम्हाला फायनल आठवत असेल. रिचर्ड्सचा कॅच."

"फायनल वेगळी. फायनलला चित्र स्वच्छ होतं. ह्या मॅचला मुंग्या येत होत्या सारख्या. म्हणून तर तुला गच्चीवर पाठवलं होतं अँटेना फिरवायला. विसरलीस?"

मी काही बोलले नाही.

"अगं चिंगे, तू वर, दादा जिन्यात, मी खाली. मी म्हणायचो सिंहगडाकडे कर, सिंहगडाकडे, दादा तुला ओरडून सांगायचा, आणि तू वरून विचारायचीस दिसतंय का, दिसतंय का. भिजलीस आणि मग काकूनं माझा उद्धार केला."

फोन ठेवला. चहा ठेवला गॅसवर. आणि काय सांगू, तो पाइप आठवला. गंजलेला, ओला, गार. तळव्याला तांबडं लागलेलं. पावसात सिंहगड दिसत नव्हता म्हणून नुसत्या अंदाजानं फिरवत होते, आणि जिन्यातून दादाचा आवाज आला, "बास बास, हलू नको, कपिल दिसतोय!"