नाशिकच्या सूर्यावर चालणारा वॉलपेपर

नाशिकमध्ये सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बहुतेक साडेबारा वाजून गेलेले असतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि नाशिक सुमारे ७३.८ अंशांवर आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला सूर्य प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३५ मिनिटे मागे चालतो. त्यातही वर्षभर चढउतार असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खरी मध्यान्हाची वेळ १२ वाजून १८ मिनिटांच्या आसपास येते, तर फेब्रुवारीच्या मध्याला ती १२ वाजून ४९ मिनिटांपर्यंत लांबते. जूनच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या आधीच होऊन जातो आणि जानेवारीच्या मध्याला तो सातनंतर दहा-बारा मिनिटांनी होतो. दिवसाच्या प्रहरानुसार बदलणारा डेस्कटॉप वॉलपेपर स्वतः तयार करायचा असेल, तर चित्रे ठरावीक वाजण्याला न बांधता सूर्याच्या क्षितिजापासूनच्या उंचीला बांधावीत, असे माझे ठाम मत या आकड्यांवरूनच झाले आहे.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ज्या खोलीत काम करतो, तिला खिडकी नाही. बाहेर या क्षणी पांडवलेणीच्या डोंगरावर कसले ऊन पडले असेल, हे मला पडद्यावर पाहायचे असते, आणि ते खरे असले तरच त्याला अर्थ आहे. सहा महिन्यांनी तासाभराने चुकणारी सुंदर चित्रमालिका माझ्या उपयोगाची नाही.

ही कल्पना घरोघरी पोहोचली ती २०१८ साली, अ‍ॅपलच्या मॅकओएस या संगणकप्रणालीच्या मोहावे आवृत्तीतून. त्यातल्या वाळवंटाच्या वॉलपेपरमध्ये एचईआयसी या, अनेक चित्रे एकत्र साठवणाऱ्या प्रकारच्या एकाच फाइलीत सोळा छायाचित्रे होती आणि प्रत्येक छायाचित्रासोबत सूर्याची क्षितिजापासूनची उंची व दिशा अंशांमध्ये नोंदवलेली होती. आपली छायाचित्रे अशा फाइलीत बसवून देणारी मुक्त साधने आज उपलब्ध आहेत. विंडोजवर विनडायनॅमिकडेस्कटॉप हा मोफत प्रोग्राम उदय, दिवस, अस्त आणि रात्र अशा चार याद्यांमध्ये चित्रे मागतो. लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये एक साधी एक्सएमएल फाइल, म्हणजे खुणांनी मांडलेला मजकूर, लिहावी लागते. कोणते चित्र किती सेकंद राहील आणि पुढच्या चित्रात किती सेकंदांत विरघळेल, एवढेच तिच्यात असते. या सर्व सेकंदांची बेरीज नेमकी ८६,४००, म्हणजे एका दिवसाइतकी, भरली पाहिजे, नाहीतर चक्र रोज थोडे थोडे सरकत जाते. ग्नोमची ही पद्धत घड्याळावरच चालते, म्हणून मी एका लहानशा स्क्रिप्टकडून, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीकडून, ती फाइल दर आठवड्याला त्या वेळच्या सूर्योदयानुसार नव्याने लिहून घेतो.

यंत्रणा कोणतीही असो, तिला आपले ठिकाण नीट सांगणे आवश्यक आहे. संगणकाच्या वेळक्षेत्रांच्या यादीत अख्ख्या भारतासाठी कोलकाता हे एकच शहर असते. ठिकाण न कळवता एखाद्या प्रोग्रामने त्या शहरावरूनच सूर्य काढला, तर कोलकात्याचा सूर्य नाशिकच्या जवळजवळ तासभर पुढे असल्यामुळे आपल्याकडे काळोख असताना पडद्यावर कोवळे ऊन पडलेले दिसेल. त्यामुळे २० अंश उत्तर आणि ७३.८ अंश पूर्व हे आकडे हाताने भरणे उत्तम.

छायाचित्रांची वाटणी हा या कामातला सर्वांत रसाळ भाग आहे. चोवीस तासांचे समान भाग पाडून दर दोन तासांनी एक चित्र काढण्याचा मोह होतो, पण उजेड तसा समान गतीने बदलत नाही. आपल्या अक्षांशावर मार्चमध्ये उगवता सूर्य तासाला साधारण चौदा अंश वर चढतो, म्हणजे क्षितिजापासून सहा अंशांवर यायला त्याला पंचवीसएक मिनिटे लागतात, आणि जवळजवळ तेवढीच मिनिटे उदयापूर्वीच्या निळसर उजेडाची. या पाऊण तासात जेवढे रंग पालटतात, तेवढे सकाळी अकरापासून दुपारी दोनपर्यंतच्या तीन तासांत मिळून पालटत नाहीत. म्हणून मी चित्रे उणे बारा, उणे सहा, उणे तीन (उणे म्हणजे क्षितिजाखाली), शून्य, तीन, सहा आणि बारा अंश अशी क्षितिजापाशी दाटीने घेतो. त्यानंतर पंचवीस, पंचेचाळीस आणि मध्यान्हाचे एक, एवढी पुरतात. संध्याकाळी हाच क्रम उलटा. या पद्धतीत ऋतूंचा फरकही आपोआप उतरतो. २१ डिसेंबरला नाशिकचा सूर्य भर मध्यान्हीसुद्धा ४७ अंशांच्या वर जात नाही आणि २० मेच्या सुमारास तो बरोबर डोक्यावर येतो. त्यामुळे मे महिन्यातले सावली नसलेले पांढरे ऊन हिवाळ्यात पडद्यावर येतच नाही.

माझ्या गच्चीवरून पांडवलेणीचा डोंगर नैर्ऋत्येला दिसतो, आणि या कामासाठी ती जागा फार सोयीची आहे. सकाळचे ऊन त्याच्यावर समोरून पडते आणि संध्याकाळी तोच डोंगर काळी आकृती होऊन उभा राहतो. सूर्य शून्य अंशावर असतो तेव्हा फक्त माथ्याची कड तांबूस होते. तीन अंशांवर ऊन उतारावर अर्ध्यापर्यंत आलेले असते आणि घळींच्या सावल्या इतक्या ठळक होतात की डोंगराची प्रत्येक घडी मोजता येते. बारा अंशांवर त्या सावल्या आखडतात आणि डोंगर सपाट वाटू लागतो. हा तांबूसपणा टिकवायचा असेल, तर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, आपोआप ठरू देऊ नये. तो दिवसाच्या उजेडावर, म्हणजे साधारण ५,५०० केल्व्हिनवर, कायम ठेवावा. कारण पहाटेचा रंग म्हणजे दोषच असे समजून कॅमेरा तो पुसून टाकू पाहतो. अ‍ॅपर्चर आणि फोकस तेच ठेवून केवळ शटरचा वेग बदलावा.

सगळी चित्रे एका दिवसात मिळत नाहीत, म्हणून गच्चीच्या फरशीवर ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या खुणा ऑइलपेंटने करून ठेवाव्यात. तरीही चौकट थोडी हलतेच. चित्रे एकमेकांत विरघळताना चार-पाच पिक्सेलचा फरकही लगेच कळतो आणि डोंगराची कड काही काळ दुहेरी दिसते. ह्यूगिनसारख्या मोफत प्रोग्राममध्ये त्या कडेवरचे बिंदू जुळवून घेतले की हा त्रास राहत नाही. आयकॉन ज्या बाजूला असतात, तिथे आकाश किंवा मोकळा उतार येईल अशी चौकट निवडावी आणि दुपारच्या चित्रांची चमक थोडी उतरवावी.

पावसाळ्याला मात्र ही सारी गणिते लागू पडत नाहीत. सूर्याचा कोन अचूक असतो, पण जुलैच्या संध्याकाळी बाहेर करडे आभाळ दाटलेले असताना पडद्यावर केशरी सूर्यास्त दाखवणे मला पटत नाही. म्हणून जून ते सप्टेंबरसाठी मी वेगळा संच ठेवला आहे. त्यात रंग जवळजवळ बदलत नाहीत, फक्त उजेड कमी-जास्त होतो; चित्रेही निम्मीच लागतात, कारण ढगांतून गाळून येणाऱ्या उजेडात तीन अंश आणि बारा अंश यांतला फरक डोळ्यांना जाणवत नाही. हिरवा झालेला उतार आणि माथ्यावर टेकलेला ढग, एवढाच त्याचा विषय आहे. ऑक्टोबरमध्ये गवत पिवळे पडू लागले की स्क्रिप्ट पुन्हा कोनांच्या संचावर येते, आणि त्या संचातली सकाळची चित्रे मी दर हिवाळ्यात नव्याने काढतो, कारण डोंगराच्या पायथ्याशी दरवर्षी नव्या इमारती उभ्या राहत आहेत.